आत्यानं लिहिलेली पाटी

माझी आत्या बावीस वर्षांची असताना काचेच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथूनच निवृत्त झाली. मधली दोन वर्षं मात्र ती टायपिस्ट नव्हती, गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. घरात कोणी तो विषय काढला की ती म्हणायची, "ती माझ्या एका शब्दाची शिक्षा होती," आणि विषय बदलायची. शब्द कोणता, हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. पुढे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी महिनाभर तिच्याकडे राहिले, तेव्हा तिनं सगळं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. काही भाग तिच्या मैत्रिणीकडून कळला.

कारखान्यात खिडक्यांच्या काचा आणि आरसे बनत. खाली लांबलचक हॉल. मधोमध कापायची टेबलं, त्यांवर जाड लोकरी कापड ताणून बसवलेलं, आणि भिंतीकडेनं लाकडी चौकटींना टेकून उभ्या केलेल्या काचा. ऑफिस वरच्या मजल्यावर, लोखंडी जिना चढून. ऑफिसच्या एका भिंतीला मोठी काच होती, म्हणजे साहेबांना खुर्चीतून न उठता खालचं सगळं दिसे. आत्याचं टेबल त्या काचेला लागून. आत्या उंचीनं बेताची, बोलायला फटकळ आणि कामात इतकी काटेकोर की पानाच्या शेवटच्या ओळीत चूक झाली तर खाडाखोड न करता अख्खं पान पुन्हा मारायची.

ती लागल्यानंतर आठ-नऊ वर्षांनी कारखान्यानं थायलंडहून तीसेक माणसं करारावर आणली. पुरुष काच उचलायच्या कामाला, बायका पॅकिंगला. दुपारच्या सुट्टीत डबे खायची खोली एकच. पहिल्याच आठवड्यात एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची मुलगी आत्याच्या शेजारी येऊन बसली.

"नाव काय गं तुझं?" आत्यानं विचारलं.

"लेक."

"ती तर असशीलच कोणाची तरी. नाव विचारतेय मी."

"लेक," ती पुन्हा म्हणाली आणि आपल्या छातीवर बोट ठेवलं.

लेक हे तिचं टोपणनाव होतं. त्यांच्याकडे त्याचा अर्थ लहान, बारकी. वर ती आत्याला "फी" म्हणून हाक मारू लागली. कसली फी मागतेय ही, म्हणून आत्या दोन दिवस बावरली होती. मग कळलं की फी म्हणजे मोठी बहीण. त्या दोन शब्दांवर डब्याच्या खोलीत महिनाभर हशा पिकत होता, आणि दोघींची गट्टी जमली ती कायमची.

लेकनं आत्याकडून मराठी शिकायची आणि आत्यानं तिची, असं ठरलं. रोज एक शब्द. लेक झपाट्यानं शिकली. आत्याची गाडी रखडत चालली, पण तीन वर्षांत तिला मोडकंतोडकं थाई बोलता यायला लागलं. अक्षरं बघून बघून उतरवता येत, वाचताना मात्र बोट ठेवून एकेक लावावं लागे. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तिनं एक इंग्रजी-थाई शब्दकोश आणला होता, पुठ्ठा निघालेला. तो तिच्या टेबलाच्या खणात असे.

अशात कारखान्यात नवं मशीन आलं. त्याच्या कंपनीनं सुरक्षेच्या पाट्यांचा गठ्ठा पाठवला, सगळा इंग्रजीत. साहेबांनी तो आत्यासमोर ठेवला.

"तुम्हाला येतं ना त्या लोकांचं? ह्या सात पाट्या त्यांच्या भाषेत करून द्या. शुक्रवारपर्यंत."

आत्या सांगायची, "मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! अकरा वर्षं मी दुसऱ्यांचं लिहिलेलं टाइप करत होते. पहिल्यांदा कोणी मला काहीतरी लिही म्हणालं."

सहा पाट्या फारसा त्रास न देता झाल्या. हातमोजे घाला, ओली फरशी, असल्याच. मशीन चालू असताना झाकण उघडू नका, ह्या पाटीवर तर तिला गंमत वाटली. लेकनं सांगितलं की त्यांच्यातही मशीन चालतं, आणि चालणं म्हणजे माणूस चालतो तेच. आत्या म्हणाली, "आपलं मशीन चालतं, तुमचंही चालतं. इंग्रजांचंच तेवढं धावतं."

सातवी पाटी एका ओळीची होती. काच एकट्यानं कॅरी करू नका.

आत्यानं कोश उघडला. 'कॅरी'खाली जवळजवळ दीड कॉलम भरून शब्द होते. काही वेगळेच आहेत हे तिला कळलं. एक बेरजेतला हातचा घेण्याचा होता, एक रोग पसरवण्याचा, एक पोटुशी असण्याचा. पण नुसतं नेण्याचेच दहा-बारा उरले, आणि त्यांत फरक काय हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. कोश थाई माणसांसाठी केलेला होता. त्यांना आपल्याच शब्दांचे अर्थ कोण कशाला समजावून सांगेल?

त्या यादीतला एक शब्द तिच्या ओळखीचा निघाला. बॅक. माल उतरवणाऱ्यांच्या तोंडी तिनं तो कितीदा ऐकला होता. इंग्रजीत बॅक म्हणजे पाठ, आणि ओझं पाठीवरच असतं, म्हणून तो लक्षातही राहिला होता. तिनं तोच घेतला.

दुपारी तिनं कागद लेकला दाखवला. "अक्षरं बरोबर आहेत का बघ."

लेकनं वाचलं आणि ती हसत सुटली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. आत्यानं पहिल्या अक्षरावरची बारीकशी आकडी गाळली होती. हाम म्हणजे मनाई, पण ते आवाज वरून खाली आणत म्हणायचं. तेच खालून वर नेत म्हटलं, की अर्थ होतो दोघांनी मिळून एक वस्तू उचलून नेणं. आकडी गेल्यामुळे पाटीवरची मनाईच गेली होती आणि उरलेलं वाक्य काहीच्या काही झालं होतं.

"बरं झालं दाखवलं," आत्या म्हणाली आणि आकडी घातली. लेकनं कागद पुन्हा वाचला. आता वाक्य सरळ होतं, शुद्ध होतं. तिनं मान डोलावली. रंगाऱ्यानं पाटी रंगवली आणि माल चढवायच्या दाराजवळ ठोकली. साहेबांनी खाली जाऊन ती बघितली, आणि वाचता येत नसतानाही म्हणाले, "छान."

आठ महिने काही झालं नाही.

काच उचलणाऱ्या थाई पुरुषांत एक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा उंच तरुण होता. त्याला सगळे लांब्या म्हणत. शांत माणूस, कामाला वाघ. त्या दिवशी सकाळी दोघं जण रजेवर होते आणि गाडी दारात उभी होती. मुकादमानं लांब्याला सांगितलं, "तो शेवटचा आरसा आण पटकन." काच उचलायला त्यांच्याकडे मूठ असलेली रबरी वाटी असे. काचेवर दाबून खटका ओढला की ती घट्ट चिकटते. लांब्यानं वाटी लावली, आरसा पिशवीसारखा एका हातात धरला आणि निघाला. आरशावर धूळ होती. दारापाशी वाटी सुटली. आरसा खाली आपटला, फुटला, आणि तो सावरायला पुढे केलेला त्याचा उजवा हात मनगटाच्या वर कापला गेला.

आत्यानं ते वरून काचेतून पाहिलं. आवाज आला नाही, म्हणाली. फक्त तो खाली बसला आणि सगळे त्याच्याकडे धावले.

हात वाचला. पण दोन बोटांच्या नसा तुटल्या होत्या. त्या जोडूनही बोटं पुरती मिटेनात.

तिसऱ्या आठवड्यात चौकशी झाली. कामगार खात्याच्या एक बाई आल्या. वय पन्नाशीचं, केस घट्ट बांधलेले, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली. साहेबांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला त्या आणि साहेब, समोर लांब्या हात गळ्यात अडकवून, दाराशी मुकादम. आत्या टाइपरायटर घेऊन कोपऱ्यात. जबाब इंग्रजीत हवा होता, कारण विमा कंपनीचं मुख्य ऑफिस परदेशात होतं. म्हणजे लांब्याचं थाई समजून घेऊन बाईंना सांगायचं आणि तेच इंग्रजीत टाइप करायचं, दोन्ही कामं आत्याचीच. सूचना असून त्यानं मोडली असं ठरलं, की उपचार त्याचे त्यानं बघायचे आणि त्याच आठवड्यात त्याची घरी रवानगी, हे सगळ्यांना माहीत होतं.

बाईंनी विचारलं, "पाटी वाचली होती का त्यानं?"

आत्यानं विचारलं. लांब्या म्हणाला, वाचली होती.

"समजली होती?"

समजली होती.

"मग आरसा एकट्यानं का नेला?"

लांब्या म्हणाला, "मी बॅक केलं नाही. मी हिऊ केलं."

आत्याची बोटं सवयीनं चालली. मी कॅरी केलं नाही, असं तिनं मारलं. पुढे हिऊ. हा शब्द तिला यादीत पाहिल्याचा आठवत होता, कॅरीखालचाच. तिनं तेही मारलं. मी कॅरी केलं. मग तिनं आपलीच ओळ वाचली आणि ती थांबली.

"काय म्हणतोय?" बाईंनी विचारलं.

"म्हणतोय, मी नेला नाही," आत्या चाचरत म्हणाली. "मी नेला."

मुकादम फिस्सकन हसला. साहेब म्हणाले, "बघा. ह्याला एका वाक्यात दोनदा फिरता येतं."

"बाई, कशाला घोळ?" मुकादम आत्याला म्हणाला. "एकट्यानं नेला, एवढंच लिहा ना. खोटं आहे का ते?"

खोटं नव्हतंच. आत्या मला म्हणाली, "अगं, तेवढं एक वाक्य मारलं असतं, तर पाच मिनिटांत सगळे चहाला गेले असते. आणि मला कोणी बोल लावला नसता."

तिनं लांब्याकडे वळून विचारलं, "मला नीट कळलं नाही. करून दाखव."

लांब्या उठला. टेबलावर पाण्याचा जग होता. तो त्यानं डाव्या हातानं कानाला धरून उचलला, हात खाली लोंबता ठेवला आणि दोन पावलं चालला. "हिऊ." जग परत ठेवला. मग कोपऱ्यातला कागदांचा गठ्ठा डाव्या हातानं कसाबसा खांद्यावर चढवला, मान तिरकी केली आणि तशीच दोन पावलं टाकली. "बॅक." गठ्ठा खाली ठेवून तो बसला. त्याला घाम आला होता.

आत्यानं आपल्या टेबलाच्या खणातून कोश आणला, कॅरीचं पान काढलं आणि लांब्यापुढे धरलं. एकेका शब्दावर बोट ठेवत गेली आणि तो करून दाखवत गेला. बाळ छातीशी घेतल्यासारखा डावा हात केला, उम. पट्टा खांद्याला अडकवला, सफाय. खिशात थोपटलं, फोक. डोक्यावर हात नेला, थून. नुसतं हातात धरलं, थू. थू ऐकून मुकादम पुन्हा हसायला लागला, पण बाईंनी वर बघितल्यावर गप्प झाला. शेवटी लांब्यानं शिपायाला बोलावलं, टेबलाचं एक टोक त्याला धरायला लावलं आणि दुसरं आपण धरलं. हाम. खालून वर जाणारा.

आत्या उभी राहिली.

"बाई, इंग्रजी पाटी म्हणते, कुठल्याही प्रकारे एकट्यानं नेऊ नका. थाई पाटी म्हणते, एकट्यानं खांद्यावर घेऊन नेऊ नका. ह्यानं खांद्यावर घेतला नाही. ह्यानं पाटीबाहेरचं काही केलेलं नाही."

"थाई पाटी कोणी लिहिली?"

"मी."

साहेब म्हणाले, "तुम्हाला नक्की माहीत आहे का काय बोलताय ते?"

"आत्ता माहीत झालं, साहेब. लिहिताना माहीत नव्हतं. आणि तपासून घ्यायला पाहिजे होतं, ते मी घेतलं नाही. एकीला फक्त अक्षरं विचारली, अर्थ विचारला नाही."

बाईंनी हे सगळं स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. मग आत्याला म्हणाल्या, "आता त्याचं वाक्य पुन्हा टाइप करा." आत्यानं कागद काढून नवा घातला. ह्या वेळी तिनं लिहिलं, मी आरसा खांद्यावर घेतला नाही, हातात लोंबता धरून नेला. इंग्रजीत ते लांबलचक झालं, पण बसलं. मुकादमालाही दोन प्रश्न विचारले गेले. दोन माणसं रजेवर असताना पटकन आण म्हणजे कोणी आणायचा, हा त्यातला एक.

महिन्याभरानं निकाल आला. सूचना सदोष, कामगाराचा दोष नाही. उपचार कारखान्यानं करायचे आणि बरा झाल्यावर त्याला झेपेल असं काम द्यायचं. साहेबांनी आत्याला काढून टाकलं नाही. म्हणाले, "शब्दांचं काम तुम्हाला झेपत नाही असं दिसतंय," आणि तिला गोदामात पाठवलं. टाइपरायटरवर दुसरी मुलगी आली.

त्या संध्याकाळी लेक आत्याच्या घरी येऊन रडली. "वाचलं तर मीही होतं, फी. मला कळायला हवं होतं."

"तू काय करणार? वाक्य बरोबरच होतं. चुकीची पाटी होती, एवढंच."

लांब्याकडे जायला आत्याला पंधरा दिवस लागले. लेकला बरोबर घेऊन ती त्यांच्या खोल्यांवर गेली. तो पलंगावर बसून डाव्या हातानं शर्टाचं बटण लावायचा सराव करत होता. आत्यानं पाठ करून आणलेलं माफीचं वाक्य म्हटलं. त्यानं ते ऐकून घेतलं.

"शब्द तुझा होता," तो म्हणाला. "खरं बोललीस, तीही तूच. मला दोन्ही लक्षात राहणार."

एवढंच. नंतर सहा महिने तो तिच्याशी बोलला नाही. जिन्यात समोर आला तर बाजूला सरून वाट द्यायचा, पण बघायचा नाही. आत्याला ते लागायचं. तिनं त्याची समजूत घालायचा प्रयत्न मात्र केला नाही. "त्याचा हात होता," ती म्हणायची. "राग किती दिवस ठेवायचा ते त्यानं ठरवायचं."

तिनं दुसरं एक काम केलं. सातही पाट्या एकेक करून लेकला विचारल्या, ह्या वेळी उलट्या बाजूनं. पाटी वाचून काय करणार नाहीस, आणि काय करशील? ओल्या फरशीच्या पाटीतही एक खोट निघाली. काच नेण्याच्या पाटीवर दोघी अडल्या. एकट्यानं उचलू नका म्हणावं तर दोघांनी उचलून पुढे एकट्यानं नेली तरी चालेल असं वाटतं, आणि नेण्याचे सगळे शब्द लिहावेत तर पाटी दाराएवढी होते. सगळ्यांना मिळून एक शब्द आहे म्हणे, पण लेकच्या मते तो माल वाहून नेण्याचा, सामानाच्या ढिगांचा. एका काचेला तो वापरला तर लोकांना वाटेल, ढीग नाही तर चालेल.

तोवर लांब्या गोदामात आला होता. त्याला आरशांचे कोपरे पुठ्ठ्यानं झाकायचं काम दिलं होतं, आत्याच्या टेबलापासून दहा पावलांवर. एका दुपारी दोघींची ही चर्चा चालू असताना तो मान वर न करता म्हणाला, "नेण्याचा शब्द कशाला पाहिजे? एक काच, दोन माणसं. असं लिहा."

लेकनं पेन्सिल पुढे केली.

आत्यानं ते कागदावर लिहिलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं वाचलं, एका अक्षराची शेपटी नीट करून दिली आणि परत कामाला लागला. साहेबांना ही पाटी फार आखूड वाटली. क्रियापदच नाही म्हणाले. पण खात्याच्या बाई तपासणीला येणार होत्या, म्हणून लावून टाकली. पुढे तशीच इंग्रजीतही लावली.

त्यानंतर लांब्या आत्याशी बोलायला लागला. फार नाही, कामापुरतं. त्याला खात्याकडे अर्ज करायचा असला की तिच्याकडे येई, आणि ती लिहिलेला प्रत्येक शब्द त्याला समजावून मगच सही घेई. एका अर्जाला त्यामुळे दुपारच्या दोन सुट्ट्या लागत. त्याला त्याची घाई नसे.

दोन वर्षांनी साहेब बदलले. नव्या साहेबांनी जुने कागद चाळताना विचारलं, हा आखूड पाटीवाला कोण? कोणीतरी आत्याचं नाव सांगितलं, आणि ती परत वर गेली, आपल्या जुन्या टेबलावर. नवी मुलगी तोवर लग्न करून गेली होती. आत्याच्या खणातल्या कोशाला आता जिल्द होती आणि शब्दांच्या बाजूला तिनं पेन्सिलीनं चित्रं काढली होती. माणूस आणि ओझं, एवढीच चित्रं. मला तिनं ती दाखवली. चित्रकला अगदी बेताची, पण कोण काय कसं नेतंय ते लगेच कळतं.

लांब्या करार संपल्यावर परत गेला. कामाचा दिवस होता, आत्याला रजा मिळाली नाही, भेट झाली नाही. पाच-सहा महिन्यांनी इथंच राहिलेल्या लेकच्या पत्त्यावर आत्यासाठी त्याचं पत्र आलं, एक पानी, थाईत. ते वाचायला आत्याला अख्खा रविवार लागला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यानं पंखे दुरुस्त करायचं दुकान काढलं होतं, बारीक स्क्रू डाव्या हातानं बसवायला जमू लागले होते. नवीन कापायचं मशीन आलं का, असं विचारलं होतं.

आत्यानं उत्तर लिहिलं, पाठवण्याआधी लेकला दाखवलं, आणि अक्षरं नव्हे तर काय कळलं ते आधी विचारलं. अशी चार-पाच वर्षं पत्रं आली-गेली. मग त्याचं दुकान वाढलं असेल किंवा पत्ता बदलला असेल, पत्रं थांबली. आत्याला त्याची खंत वाटत नाही. शेवटच्या पत्रात त्यानं एक शब्द तिला समजणार नाही म्हणून कंसात दुसऱ्या सोप्या शब्दात लिहिला होता. तिला तो कंस न वाचताच समजला होता, असं तिनं उत्तरात कळवलं होतं.